शनिवारचं इंग्रजी

‘‘आज अण्णांना सुट्टी!’’

जिजाकाकूंनी उंबऱ्यातूनच जाहीर करून टाकलं. काखेत पाट, हातात भडंगाचा डबा आणि तोंडाचा पट्टा सुरू, अशा थाटात त्या आत आल्या. त्या शेजारच्याच. पण दर शनिवारी संध्याकाळी स्वतःचा पाट घेऊन यायच्या, कारण आमच्या, म्हणजे म्हेत्र्यांच्या, सतरंजीवर बसलं की गुडघे धरतात, असं त्यांचं ठाम मत होतं.

‘‘एम्ये झालेली सून आलीया घरात, आन् तीबी इंग्रजीची,’’ टीव्हीसमोरची हुकमी जागा धरत त्या म्हणाल्या. ‘‘आता शनिवारचा शिनेमा तिनं सांगायचा. अण्णांनी लई वर्षं घसा कोरडा केला. जरा बसून ऐकू द्या की त्यांना.’’

मी परातीत भाजक्या शेंगा ओतत होते. मनात म्हटलं, देव पावला. लग्न होऊन मला जेमतेम दोन आठवडे झाले होते, त्यातले शनिवार पाहुण्यांतच गेले होते आणि या घरात आपलं काहीतरी करून दाखवायची संधी मी डोळ्यांत तेल घालून शोधत होते. आता ती पाट घेऊन स्वतःच्या पायांनी चालत आली होती.

‘‘सांगेन की मी,’’ मी म्हणाले.

‘‘नको!’’ सासूबाई इतक्या झटक्यात म्हणाल्या की माझ्या हातातल्या शेंगा परातीऐवजी जमिनीवर पडल्या. मग त्यांनीच स्वतःला सावरलं. ‘‘म्हणजे, नवी नवरी आहे ती. आत्तापासून कशाला जुंपायची? बसू दे निवांत. वृषाली, पाण्याची कळशी भरून आण बरं जरा.’’

कळशी भरलेलीच होती. मीच भरली होती, त्यांच्यादेखत. तरी मी मुकाट्यानं उठून स्वयंपाकघरात गेले, भरलेल्या कळशीकडे बघत उभी राहिले आणि डोळ्यांत आलेलं पाणी पदरानं टिपून बाहेर आले.

या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. सिनेमा दोन चकचकीत सीड्यांवर घरी यायचा, तेव्हाची ही गोष्ट. आज ती सांगताना मला हसू आवरत नाही, पण त्या संध्याकाळी मात्र मी अगदी रडकुंडीला आले होते. कारण तसंच होतं. लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी, हळदीनं हात अजून पिवळे असताना, याच जिजाकाकूंनी कुंपणावरून मला बातमी दिली होती, की ‘‘तुझ्या सासूनं आधी नकार दिलता बरं का. दोन म्हयनं अडून बसली हुती. का ते काय बोलली न्हाई, पन ही पोरगी नगं, एवढंच म्हनायची.’’

नवऱ्याला, उमेशला, विचारलं तर तो म्हणाला, ‘‘आईचं काहीतरी असतं. सोड ना.’’ सोड म्हणायला त्याचं काय जातंय? मी आरशापुढे उभी राहून स्वतःला नखशिखांत तपासलं. रंग? रंगानं सासूबाई माझ्याहून एक घर पुढेच होत्या. उंची बरी होती. पत्रिका जुळलेली. स्वयंपाक म्हणाल, तर माझ्या आमटीची सासऱ्यांनी दोनदा वाटी भरून घेतली होती. त्या माझ्याशी वाईट वागत होत्या असंही नाही. ताटात आधी मला वाढायच्या, उन्हातून आले की हातात गुळाचा खडा द्यायच्या. पण मी कधी एखादं इंग्रजी वर्तमानपत्र उघडलं, किंवा फोनवर मैत्रिणीशी दोन वाक्यं इंग्रजीत बोलले, की त्यांचा चेहरा उतरायचा. मला वाटायचं, यांना शिकलेली सून नको होती. शिकलेली म्हणजे शिंगं असलेली, असं काहीतरी यांच्या डोक्यात असणार.

तेवढ्यात अण्णा आले. माझे सासरे. तासगावच्या एस.टी. स्टँडवर त्यांनी तीस वर्षं कंट्रोलरची नोकरी केलेली. खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारायच्या. माणूस काटकुळा, पण आवाज असा, की घरात ‘‘मीठ द्या’’ म्हणाले तरी चार प्रवासी उठून उभे राहतील. निवृत्त झाले तरी शर्टाच्या खिशाला पेन आणि मनगटावर घड्याळ असायचंच.

‘‘सूनबाईंच्या मानाचा नवा सिनेमा आणलाय,’’ त्यांनी पिशवीतून सीड्या काढल्या. पण माझ्याकडे न बघताच.

‘‘नवा?’’ रोहिणी, माझी नणंद, सतरंजीवरून ओरडली. ती तेव्हा बारावीला होती. ‘‘अण्णा, उडत्या होडीचा आणायचा ठरला होता! वहिनींना आधी आपला चांगला दाखवू या ना.’’

‘‘किंवा तीन डोळ्यांच्या बोकडाचा,’’ उमेशनं पुस्ती जोडली. माझा नवरा तासगावच्याच एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मॅनेजर होता. पण शनिवारी बनियनवर, मांडीखाली उशी घेऊन बसला की तो पाचवीतला वाटायचा.

या घरातले लाडके सिनेमे असेच ओळखले जायचे. उडत्या होडीचा, बोकडाचा, बर्फातल्या म्हातारीचा, बोलणाऱ्या विहिरीचा. सगळे इंग्रजी आणि सगळे जादूचे. चौकातल्या सीडी लायब्ररीत हिंदी सिनेमांवर उड्या पडायच्या आणि हे इंग्रजी जादूचे सिनेमे कपाटात धूळ खात पडायचे, म्हणून म्हेत्र्यांच्या वाट्याला ते आले. इंग्रजी कुणाला येत नव्हतं. पण अण्णांना येत होतं. आवाज बारीक करायचा, अण्णांनी टीव्हीशेजारी स्टूल टाकून बसायचं आणि पडद्यावरचा माणूस बोलला की ते मराठीत सांगायचं, असा रिवाज पडला होता. मध्यंतरी हिंदीत डब केलेली एक सीडी उमेशनं आणली होती म्हणे. अर्ध्या तासात सगळ्यांनी ती बंद करायला लावली. ‘‘काही दम नाही त्यात,’’ रोहिणी म्हणाली होती.

‘‘अण्णा, तुमी हिकडं बसा,’’ जिजाकाकूंनी सतरंजीवर हात आपटला. ‘‘स्टुलावर आज सून.’’

अण्णा स्टूल हातात धरून थबकले. ते सासूबाईंकडे बघत होते, सासूबाई माझ्याकडे आणि मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे. मघाच्या ‘नको’नं माझी सगळी हौस फिटली होती.

‘‘राहू दे काकू,’’ मी म्हणाले. ‘‘आज मी ऐकते.’’

अण्णांनी स्टूल टेकलं. उमेशनं ट्यूब बंद केली आणि सिनेमा सुरू झाला.

एका उंच कड्यावर एक किल्ला. किल्ल्यावर झेंडे, पण एकही झेंडा हलत नव्हता. समुद्रात जहाजं, त्यांची शिडं लोंबकळलेली. गच्चीवर एक तरुण राणी उभी राहून आपल्या म्हाताऱ्या प्रधानाला म्हणत होती की, राज्यातला वारा चोरीला गेलाय, शंभर दिवसांत पान हललेलं नाही.

अण्णांनी घसा साफ केला. ‘‘ही राणी चंद्रकला,’’ ते म्हणाले. ‘‘ती म्हणते, मामा, माझा भाऊ जत्रेत हरवला त्याला आज बारा वर्षं झाली. त्याच्यामागं मला ह्या वाड्यात घास गिळवत नाही.’’

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. मी पुढे सरकले. प्रधानानं एक मोठा नकाशा उलगडला आणि त्यावर बोट ठेवून सांगितलं, की वारा त्या उत्तरेच्या डोंगरात एका बाटलीत कोंडलाय.

‘‘मामा म्हणतो,’’ अण्णांचा आवाज एकदम खर्जात गेला, ‘‘हा बघ सातबारा! भाऊ तुझा मेला असं धरून चाल. जमिनीवर माझं नाव लागलेलं आहे. फेरफार झालेला आहे!’’

‘‘मुडदा बशिवला त्याचा!’’ जिजाकाकूंनी शेंगेचं टरफल टीव्हीच्या दिशेनं भिरकावलं.

मी फस्सकन हसणार होते. अण्णा गंमत करताहेत असंच मला वाटलं. पण कुणीच हसत नव्हतं. रोहिणी गुडघ्यांवर हनुवटी टेकून बघत होती. उमेशच्या तोंडात शेंगदाणा तसाच राहिला होता. बिचारा प्रधान पडद्यावर राणीला धीर देत होता, ‘बाळ, मी तुझ्या पाठीशी आहे’ म्हणत होता, आणि इकडे अख्खी खोली त्याला शिव्या घालत होती. पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की अण्णांना इंग्रजीचा ओ की ठो कळत नाही. एक शब्दही नाही. नुसता चेहरा बघायचे, हात कुठे गेला ते बघायचे आणि बिनधास्त फेकायचे.

आणि फेकायचे तरी किती झोकात! किनाऱ्यावर एक फाटका खलाशी जाळं विणत बसलेला दिसला, तर अण्णांनी त्याला तिथल्या तिथे राणीचा हरवलेला भाऊ करून टाकला. ‘‘उजव्या हाताला तीळ बघा. तोच तो! पण दोघांना एकमेकांची ओळख नाही.’’ तीळ कुणालाच दिसला नाही, पण सगळ्यांनी मान डोलावली. रानातून राक्षसांची टोळी निघाली तेव्हा अण्णांचा जुना आवाज पुरता जागा झाला. ‘‘डोंगराकडे जाणाऱ्या सर्व राक्षसांनी इकडे लक्ष द्यावे! घाटातून जाणारी वाट दरड कोसळल्यामुळे बंद आहे!’’ आणि खरोखरच, पुढच्या क्षणाला पडद्यावर दरड कोसळली. रोहिणीनं टाळ्या वाजवल्या. यांना हे आधीच कसं कळलं, असा विचार करत मीही शेंगा सोलायचं विसरले होते.

खरं सांगते, मी एम.ए.ला सहा पेपर घासून पुसून काढले होते, पण कुठलीही गोष्ट ऐकताना माझं असं झालं नव्हतं. एक कान खऱ्या गोष्टीला आणि एक अण्णांच्या, आणि दर वेळी अण्णांचीच सरस निघत होती.

तेवढ्यात मला जाणवलं की सासूबाई सिनेमा बघतच नाहीत. अंधारात, टीव्हीच्या निळ्या उजेडात, त्या मुळी माझ्याकडेच बघत होत्या. माझ्या तोंडावर एक रेष हलली की त्यांच्या कपाळावर आठी पडत होती. मी झटकन चेहरा सरळ केला. काय चाललंय तेच मला कळेना.

पहिली सीडी संपली. उमेशनं ट्यूब लावली. दुसरी सीडी घालायची म्हणजे अण्णांनी ती शर्टाच्या टोकानं गोल गोल पुसायची आणि तोवर चहा व्हायचा, हे मध्यंतर. जिजाकाकूंनी पाय लांब केले आणि माझ्याकडे वळून विचारलं,

‘‘काय गं एम्ये? बरोबर सांगत्यात का आमचं अण्णा? का कुटं चुकलं?’’

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट अण्णांचा त्यांना कोण अभिमान. ‘आमच्या शेजारी इंग्रजी जाणणारा मानूस हाय’ म्हणून त्यांनी सबंध गल्लीत डांगोरा पिटला होता. त्यांना फक्त पसंतीचा शिक्का हवा होता. पण त्या एका प्रश्नानं खोलीतली हवाच गेली. रोहिणी परातीतली टरफलं चिवडू लागली. उमेश सीडी प्लेअरच्या मागची वायर बघायला गेला. ते दोघंही माझ्याकडे बघायचं टाळत होते, आणि मला उमगलं, की यांनाही ठाऊक आहे. न बोलता ठाऊक आहे. अण्णांचं सीडी पुसणं थांबलं होतं. तीस वर्षं माइकवर बोललेला तो माणूस मान खाली घालून आता माझ्या तोंडून काय निघतंय याची वाट बघत होता.

मी पहिल्या वर्गाची एम.ए. हो. विद्यापीठात दुसरी. आयुष्यात मिरवायला तेवढं एकच होतं माझ्याकडे.

‘‘काकू, मला विचाराल तर,’’ मी म्हणाले, ‘‘मला निम्मं कळलंच नाही. फार भराभर बोलतात हो ते. अण्णांनी सांगितलं म्हणून गोष्ट समजली.’’

‘‘आँ?’’ जिजाकाकूंचा आ वासला. ‘‘मग येवढी वर्षं शाळंत काय क्येलंस? बापाचा पैका वाया!’’

आणि त्या हसत सुटल्या. माझे कान गरम झाले. आता सोमवारपर्यंत सगळ्या गल्लीला कळणार होतं, की म्हेत्र्यांची एम.ए. सून पुस्तकी आहे.

‘‘हसू नका,’’ अण्णा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या संध्याकाळी पहिल्यांदाच. ‘‘पुस्तकातलं इंग्रजी वेगळं आणि बोलायचं वेगळं. सवयीनं येतं, पोरी. शनिवारी माझ्या स्टुलाजवळ बसत जा.’’

‘‘बसते, अण्णा.’’

‘‘वृषाली, चहाला चल,’’ सासूबाई म्हणाल्या आणि माझा दंड धरून त्यांनी मला जवळजवळ ओढतच स्वयंपाकघरात नेलं.

आत गेल्यावर त्यांनी स्टोव्हला पंप मारला, आधण ठेवलं, साखर टाकली. सगळं माझ्याकडे पाठ करून. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरले. वळल्या तेव्हा त्या रडत होत्या की हसत होत्या, ते धड सांगता येत नव्हतं.

‘‘तुला सगळं कळलं ना गं?’’ त्यांनी हळू आवाजात विचारलं.

‘‘हो, आई.’’

‘‘काहीच बरोबर नव्हतं?’’

‘‘एक दरड तेवढी बरोबर होती.’’

त्यांनी पदर तोंडात कोंबला. जरा वेळानं म्हणाल्या, ‘‘मी सातवी शिकले. पण नवऱ्याची थाप ओळखायला शाळा लागत नाही. पहिल्याच सिनेमात त्यांनी माझ्या माहेरच्या वाटणीचं भांडण घातलं होतं. परदेशातल्या राजांकडे सातबारा कसा असेल, एवढं मलाही कळतं की.’’

‘‘मग तुम्ही कधी बोलला नाहीत?’’

‘‘कशी बोलणार?’’ त्यांनी चहाची पूड टाकली. ‘‘नोकरी संपली आणि माणूस मुका झाला गं. तीस वर्षं बोललेला माणूस. दिवसचे दिवस खिडकीत बसायचे. जेवलात का विचारलं, तर मान हलवायचे. उमेशनं तो सीडीचा डबा आणला, आणि पहिलाच सिनेमा निघाला इंग्रजी. पोरं कुरकुरायला लागली. तर हे उठले, स्टूल घेतलं, आणि म्हणाले, मी सांगतो. त्या दिवशी हे पुन्हा बोलायला लागले, ते आजपर्यंत.’’

चहा उतू जायला आला. मी घाईनं, गॅस असल्यासारखा, स्टोव्ह बारीक करायला गेले आणि बोट भाजून घेतलं. त्यांनी माझं बोट धरून पाण्यात बुडवलं आणि तसंच धरून ठेवलं.

‘‘म्हणून नको म्हणत होते मी तुला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘फोटो बघितला, आवडलीस. घर आवडलं. आणि मग उमेश म्हणाला, इंग्रजीत एम.ए. आहे. म्हटलं, झालं, आता शनिवार बुडाला. मी त्याला किती विनवलं, बाबा, गणिताची बघ, भूगोलाची बघ, एवढी इंग्रजीची तेवढी नको. कारण सांगायची सोय नाही. दोन महिने कुढत बसले.’’

दोन आठवडे मी आरशापुढे उभी राहून काय काय शोधत होते, आणि इथे माझी पदवीच आडवी आली होती! मला इतकं हसू फुटलं की मी ओट्याला टेकून खाली बसले. त्याही बसल्या. चहा एकदा उतू गेलाच.

‘‘हे तर या शनिवारी सिनेमाच नको म्हणत होते,’’ डोळे पुसत त्या म्हणाल्या. ‘‘मीच म्हटलं, आणा. आज ना उद्या व्हायचंच आहे, होऊन जाऊ दे. पण तू असं काही बोलशील, हे नव्हतं वाटलं गं.’’

‘‘काय शिजवताय दोघी?’’ बाहेरून जिजाकाकू ओरडल्या. ‘‘राणी ताटकळली की हितं!’’

दुसरी सीडी सुरू झाली. मी अण्णांच्या स्टुलाजवळ बसले आणि सासूबाई माझ्या शेजारी, खांद्याला खांदा लावून. अण्णांना आता जोर चढला होता. खलाशानं डोंगर चढून राक्षसाच्या उशाखालची बाटली पळवली, तेव्हा ती अण्णांच्या गोष्टीत आईनं भावासाठी ठेवलेली औषधाची बाटली झाली. पांढऱ्या घोड्यावर बसून तो किल्ल्यावर आला. त्यानं बाटलीचं बूच काढलं. वारा सुटला, झेंडे फडफडले, जहाजं हलली, लोक नाचायला लागले.

‘‘आता,’’ अण्णांचा आवाज भरून आला, ‘‘आता राणी त्याच्या हातावरचा तीळ बघते. म्हणते, दादा! माझ्या दादा!’’

जिजाकाकूंनी हुंदका दिला. पडद्यावर राणी धावत आली, तिनं खलाशाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्याच्या ओठांचा मुका घेतला. असा तसा नाही. चांगला लांबलचक, संगीतासकट.

रोहिणीनं ओढणी तोंडावर ओढली.

‘‘अगं बाई बाई बाई!’’ जिजाकाकू पाटावरून अर्ध्या उठल्या. ‘‘अण्णा! भैन-भाऊ न्हवं का ही?’’

अण्णांचं तोंड उघडं होतं, पण त्यातून काही येईना. पडद्यावर त्या दोघांचं अजून चाललंच होतं. उमेशनं डोळे मिटून घेतले. सासूबाईंची बोटं माझ्या दंडात रुतली. मी अण्णांकडे पाहिलं. गाडी कुठल्या फलाटावर आणावी ते न सुचलेला माणूस. कपाळाला घाम. उद्या गल्लीभर होईल, पुढचा शनिवार येईल, आणि हा माणूस पुन्हा खिडकीत जाऊन बसेल. आणि मी बोलून गेले,

‘‘काकू, तो तिचा भाऊ नाहीच!’’

‘‘म्हंजे?’’

म्हणजे काय, ते मला तरी कुठे माहीत होतं! एम.ए.च्या सहा पेपरांत हे शिकवलेलं नव्हतं. मी पडद्यावर शोधायला लागले. झेंडे, लोक, किल्ला, आणि मागे शांतपणे उभा असलेला तो पांढरा घोडा.

‘‘खरा भाऊ तो घोडा आहे!’’ मी म्हणाले.

घोड्यानं मान हलवली. देव त्याचं भलं करो.

‘‘बघितलंत? हो म्हणाला,’’ मी रेटलं. ‘‘त्या मामानं लहानपणीच मंत्र घालून त्याचा घोडा केला होता. जमिनीसाठी. आणि त्याच्या हातावरचा तीळ या खलाशाच्या हातावर आणून ठेवला, म्हणजे कुणी शोधायला नको. हो ना, अण्णा?’’

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे काही उजळलं, ते मी जन्मात विसरणार नाही.

‘‘अगं, तिथंच येत होतो मी!’’ ते गरजले. ‘‘मधेच घाई करता तुम्ही! आता घोडा बोलतोय बघा. चंद्रकले! ओळखलंस का मला? बारा वर्षं हरभरे खाऊन काढली गं मी!’’

पडद्यावर राणी घोड्याकडे वळली आणि त्याच्या गळ्याला बिलगली. का बिलगली कोण जाणे, पण अगदी वेळेवर बिलगली.

‘‘दादा,’’ मी राणीच्या आवाजात म्हणाले, ‘‘चल घरी. पुरणपोळी केलीय.’’

‘‘येतो, पण आधी मामाचा हिशोब!’’

‘‘मामाला काही करू नकोस दादा, आईचा एकुलता एक भाऊ आहे!’’

‘‘कशाला सोडती गं त्याला!’’ जिजाकाकू डोळे पुसत ओरडल्या, आणि सासूबाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून इतक्या हसत होत्या, की मीही गदगदत होते. बिचारा प्रधान शेवटी राणीच्या डोक्यावर मुकुट ठेवायला वाकला, तर अण्णांनी त्याच्याकडून सगळ्यांसमोर सातबारा परत करवला आणि मगच सिनेमा संपवला.

ट्यूब लागली. जिजाकाकू पाट उचलता उचलता थांबल्या. ‘‘पन काय गं एम्ये, तुला तर कळत नव्हतं न्हवं?’’

‘‘अण्णांच्या शेजारी बसले ना,’’ मी म्हणाले. ‘‘कळायला लागलं.’’

‘‘बघा! ह्येला म्हनत्यात गुरू,’’ असं म्हणून त्या खुशीत घरी गेल्या, हा बोभाटा करायला.

रोहिणीनं सतरंजी झटकली, उमेश टरफलं भरून बाहेर गेला. सासूबाई पानं घ्यायला आत वळल्या. मी आणि अण्णाच उरलो. त्यांनी सीडी कागदी पाकिटात घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली.

‘‘सूनबाई,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘खरी गोष्ट काय होती गं?’’

मी दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग मी स्टुलावर बसले, आणि अण्णा खाली सतरंजीच्या कडेला. आणि मी त्यांना सगळं सांगितलं. वारा चोरीला गेलेलं राज्य. तो कोंडलेला वारा, ती बाटली, तो खलाशी. अण्णा डोळे मोठे करून ऐकत होते. इतक्या वर्षांत त्यांना कुणी सिनेमा सांगितलाच नव्हता.

‘‘आणि जमीन?’’ माझं संपल्यावर त्यांनी विचारलं.

‘‘जमीन नव्हती, अण्णा.’’

‘‘नव्हतीच?’’

‘‘नव्हती. आणि तो मामाही नव्हता. प्रधान होता. भला माणूस होता हो तो.’’

अण्णांनी सीडीचं पाकीट उलटसुलट केलं. त्यांना प्रधानाबद्दल वाईट वाटत असावं. आतून सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात ताटं घेऊन.

‘‘सांगते चांगलं,’’ माझ्याकडे बोट करून अण्णा त्यांना म्हणाले. ‘‘आवाज बरा आहे, हातवारेही करते. घोडा तर एक नंबर! पण एरवी पदरचं काही घालत नाही गं ही. जे आहे तेच सांगते.’’

‘‘शिकेल की हळूहळू,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘एम.ए. झालेली आहे ती.’’